बकिंगहॅमचा तिसरा ड्यूक एडवर्ड स्टॅफर्ड : उदय आणि ऱ्हासाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडवर्ड स्टॅफर्ड कोण होता?

एडवर्ड स्टॅफर्ड हा बकिंगहॅमचा तिसरा ड्यूक होता. ३ फेब्रुवारी १४७८ रोजी वेल्समधील ब्रेकनच्या किल्ल्यात त्याचा जन्म झाला आणि १७ मे १५२१ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद करण्यात आला. ट्यूडर घराण्यातील पहिल्या दोन राजांच्या, म्हणजे सातव्या व आठव्या हेन्रीच्या, कारकिर्दीत राजाच्या खालोखाल मान असलेला उमराव म्हणून त्याचे नाव घेतले जात असे. १५२१ च्या प्रारंभी संपूर्ण इंग्लंडात बकिंगहॅम, नॉर्फक आणि सफक असे तीनच ड्यूक होते. त्यांपैकी सफकच्या ड्यूकला तो किताब खुद्द आठव्या हेन्रीने दिलेला होता. जुन्या रक्ताचा आणि जुन्या जमिनीचा मान बकिंगहॅमइतका दुसऱ्या कोणाकडेही नव्हता.

लंडनचा बकिंगहॅम राजवाडा याच घराण्याचा का?

नाही. त्या राजवाड्याचे नाव १७०३ साली जॉन शेफील्ड या वेगळ्या घराण्यातील ड्यूकने बांधलेल्या वाड्यावरून आले आहे. सतराव्या शतकात गाजलेला जॉर्ज व्हिलियर्स हा बकिंगहॅमचा ड्यूकही स्टॅफर्ड घराण्यातील नव्हता. स्टॅफर्ड घराण्याकडील हा किताब १५२१ सालीच कायमचा गेला.

राजघराण्याशी त्याचे नाते नेमके काय होते?

हा प्रश्न नीट समजून घेतल्याशिवाय पुढची हकीकत उलगडत नाही. तिसऱ्या एडवर्ड राजाचा सर्वांत धाकटा मुलगा थॉमस ऑफ वुडस्टॉक याच्यापासून स्टॅफर्डांचा वंश येतो. शिवाय एडवर्डची आजी बोफर्ट घराण्यातील होती, आणि ट्यूडरांचा सिंहासनावरील हक्कही बोफर्ट घराण्याच्याच एका शाखेतून आलेला होता. आईकडून पाहिले तर नाते आणखी जवळचे होते. त्याची आई कॅथरीन वुडव्हिल ही चौथ्या एडवर्डची राणी एलिझाबेथ वुडव्हिल हिची सख्खी बहीण. त्या राणीची मुलगी एलिझाबेथ ऑफ यॉर्क हीच आठव्या हेन्रीची आई. म्हणजे आपल्या नात्यांच्या भाषेत सांगायचे तर बकिंगहॅम हा राजाच्या आईचा मावसभाऊ आणि राजाचा मावसमामा होता.

राजाला मुलगा झाला नाही, तर सिंहासनावर कोण बसेल असा प्रश्न इंग्लंडात ज्या ज्या वेळी निघे, त्या त्या वेळी या मामाकडे लोकांची नजर वळत असे. त्याच्या थोरवीचे मूळ या रक्तात होते आणि त्याच्या मृत्यूचेही.

त्याच्या वडिलांचे काय झाले होते?

वडील हेन्री स्टॅफर्ड, म्हणजे दुसरा ड्यूक, यांनी १४८३ साली तिसऱ्या रिचर्डला सिंहासनावर येण्यास मदत केली आणि अवघ्या काही महिन्यांत त्याच्याच विरुद्ध बंड केले. बंड फसले. २ नोव्हेंबर १४८३ रोजी सॅल्सबरी येथे त्यांचा शिरच्छेद झाला. मरण्यापूर्वी त्यांनी राजाची भेट मागितली होती आणि रिचर्डने ती नाकारली. एडवर्ड त्या वेळी पाच वर्षांचा होता. या नाकारलेल्या भेटीची आठवण घराण्यात जपली गेली, आणि ३८ वर्षांनी ती एका आरोपपत्रात लिहिली गेली. त्याविषयी पुढे येईलच.

त्याआधीच्या पिढ्यांचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. पणजोबा हम्फ्री, म्हणजे पहिला ड्यूक, १४६० साली नॉर्थॅम्प्टनच्या लढाईत मारले गेले. पहिला ड्यूक रणात, दुसरा वधस्तंभावर आणि तिसराही वधस्तंभावर, असा हा वंशवृक्ष आहे. स्टॅफर्डांचा एकही ड्यूक अंथरुणावर मरण पावला नाही.

मग गेलेले वैभव परत कसे मिळाले?

२२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉझवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला आणि सातवा हेन्री राजा झाला. रिचर्डविरुद्ध बंड करून मेलेल्या ड्यूकचा मुलगा नव्या राजाच्या दृष्टीने सन्मानास पात्र होता. किताब व जमिनी परत देण्यात आल्या, आणि सात वर्षांच्या एडवर्डचे पालकत्व राजाची आई मार्गारेट बोफर्ट हिच्याकडे सोपवण्यात आले. १४९० साली नॉर्थम्बरलंडच्या अर्लची मुलगी एलिनॉर पर्सी हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि १४९५ साली त्याला ऑर्डर ऑफ द गार्टर हा सर्वोच्च सन्मान मिळाला. तथापि सातवा हेन्री मोठ्या उमरावांना मान देई, पण मोकळीक देत नसे. दंड, हमीपत्रे आणि कर्जरोखे यांच्या दोरीने त्याने सर्वांना बांधून ठेवले होते. ड्यूकही त्यातून सुटला नाही.

तो खरोखर किती श्रीमंत होता?

त्याचे वार्षिक उत्पन्न पाच हजार पौंडांहून अधिक होते. त्या काळी कुशल गवंड्याला दिवसाला सहा पेन्स मजुरी मिळे; पौंडात २४० पेन्स धरले तर वर्षभर राबूनही त्याच्या हाती सात पौंडांच्या आसपासच रक्कम पडे. यावरून अंतराची कल्पना यावी. इंग्लंडच्या अनेक परगण्यांत त्याच्या जमिनी होत्या. वेल्सच्या सीमेवर ब्रेकन, न्यूपोर्ट यांसारख्या जहागिरी होत्या, जिथे न्यायदान, महसूल आणि माणसे उभी करण्याचे अधिकार जहागीरदाराच्याच हाती असत.

खर्चही तसाच होता. १५०१ साली राजपुत्र आर्थर आणि कॅथरीन ऑफ ॲरॅगॉन यांच्या विवाहाच्या वेळी त्याने घातलेल्या भरजरी, सेबल या प्राण्याच्या केसाळ कातड्याने मढवलेल्या झग्याची किंमत समकालीन इतिवृत्तात १,५०० पौंड सांगितली आहे. सणासुदीला त्याच्या पंगतीला शेकडो माणसे बसत. १५१९ च्या ऑगस्टमध्ये त्याने केंटमधील पेन्सहर्स्ट येथे आठव्या हेन्रीचा असा पाहुणचार केला की त्याची चर्चा दरबारात बराच काळ होत राहिली. राजाला मेजवानी आवडली, यात शंका नाही. पण आपल्याएवढा थाट करू शकणारा माणूस राजाच्या मनात कोणता विचार जागा करतो, हे ड्यूकने कधी ओळखले नाही, असे मला वाटते.

दरबारात त्याची सत्ता किती होती?

मान पुष्कळ, सत्ता त्या मानाने कमी. १५०९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्याभिषेकाच्या वेळी लॉर्ड हाय स्टुअर्ड आणि लॉर्ड हाय कॉन्स्टेबल ही दोन्ही पदे त्याने भूषवली. परंतु ही पदे समारंभापुरती होती. कॉन्स्टेबलचे पद आपल्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आले आहे, असा दावा त्याने केला. १५१४ साली न्यायाधीशांनी तत्त्वतः तो दावा मान्य केला, मात्र ती सेवा घ्यायची की नाही हे राजाने ठरवावे, असेही सांगितले. राजाने ती घेतली नाही. जुन्या काळी देशाच्या सैन्यावर अधिकार सांगणारे पद एका संभाव्य वारसाच्या हाती देण्याची हेन्रीची तयारी नव्हती.

प्रत्यक्ष कारभार टॉमस वुल्झी याच्या हाती गेला होता. वुल्झी हा इप्सविचमधील एका खाटकाचा मुलगा. बुद्धी आणि अफाट कष्ट यांच्या बळावर तो कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी आणि राज्याचा लॉर्ड चॅन्सलर म्हणजे मुख्य मंत्री झाला. ज्याच्या पूर्वजांनी राजांच्या शेजारी बसून राज्य केले, त्याला अशा माणसाच्या दालनाबाहेर तिष्ठत राहावे लागणे हा अपमान वाटला. ड्यूकने ही भावना लपवली नाही. ती लपवण्याची कला त्याला येत नव्हती.

राजाशी त्याचा पहिला खटका कधी उडाला?

१५१० साली, आणि तो घरातील स्त्रीच्या अब्रूवरून. ड्यूकची विवाहित बहीण ॲन हेस्टिंग्ज ही दरबारात राहत होती. राजाचा जिवलग सेवक विल्यम कॉम्प्टन तिच्या दालनात आढळला. तो स्वतःसाठी आला होता की तरुण राजासाठी, याविषयी दरबारात कुजबुज होती. ड्यूकने कॉम्प्टनला खडे बोल सुनावले. राजा संतापला, ड्यूक दरबार सोडून निघून गेला, आणि ॲनला तिच्या नवऱ्याने दूरच्या एका मठात नेऊन ठेवले. ही सर्व हकीकत स्पेनच्या राजदूताने आपल्या राजाला कळवली, म्हणून आपल्याला माहीत आहे. प्रकरण मिटले, पण मामा-भाच्यांमधील सहज विश्वास त्यानंतर दिसत नाही.

राजाला त्याची भीती का वाटू लागली?

कारण हेन्रीला मुलगा नव्हता. १५१६ साली जन्मलेली मेरी ही त्याची एकुलती औरस संतती होती. ट्यूडर घराणे गादीवर येऊन जेमतेम ३५ वर्षे झाली होती आणि त्याआधीची तीस वर्षे गादीसाठी झालेल्या रक्तपातात गेली होती. अशा स्थितीत ड्यूकने आपल्या मुलांची लग्ने कुठे लावली ते पाहावे. मुलगा हेन्री याचा विवाह यॉर्क घराण्याचे रक्त असलेल्या सॅल्सबरीच्या काउंटेसची मुलगी अर्सुला पोल हिच्याशी झाला. मुली नॉर्फकच्या ड्यूकचा थोरला मुलगा, वेस्टमोरलंडचा अर्ल आणि केंटमधील लॉर्ड बर्गवेनी यांच्या घरी पडल्या. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सोयरिकींचे जाळे तयार झाले.

याच सुमारास हेन्रीने वुल्झीला स्वहस्ते एक गुप्त पत्र लिहिले. लिहिण्याचा त्याला कंटाळा असे, हे त्याने त्याच पत्रात कबूल केले आहे, त्यामुळे त्याने स्वतः लेखणी उचलली यालाच अर्थ आहे. सफक, बकिंगहॅम, नॉर्थम्बरलंड, डार्बी आणि विल्टशायर या बड्या लोकांवर बारीक नजर ठेवावी, असे त्यात म्हटले होते.

१५१९ मध्ये सर विल्यम बल्मर या सरदाराने राजाची चाकरी सोडून ड्यूकची वर्दी अंगावर घातली. हेन्रीने त्याला स्टार चेंबर या राजाच्या सल्लागारांच्या न्यायालयात सर्वांसमक्ष झापले. बल्मरला गुडघ्यांवर बसून क्षमा मागावी लागली. पण तो बोल ड्यूकसाठीच होता. त्यानंतर ड्यूकने वेल्समधील आपल्या जहागिरीत जाण्यासाठी सुमारे चारशे शस्त्रधारी माणसे बरोबर नेण्याची परवानगी मागितली. तिथली रयत त्याच्यावर नाराज होती, वसुली थकली होती, त्यामुळे संरक्षण घेऊन जाणे त्याला स्वाभाविक वाटले असेल. राजाला मात्र १४८३ आठवले. त्या वर्षी याच ब्रेकनहून याच्या बापाने बंड उभारले होते.

त्याच्याविरुद्ध साक्ष कोणी दिली?

त्याच्याच घरच्या माणसांनी. माझ्या मते या साऱ्या हकीकतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

ड्यूक कडक धनी होता. थकबाकी, हिशेबातील चूक, करारभंग अशा कारणांवरून तो आपल्याच कारकुनांना आणि कारभाऱ्यांना कोर्टात खेचत असे. जमीनजुमल्याची देखरेख करणारा त्याचा नातेवाईक चार्ल्स निव्हेट याला कुळांच्या तक्रारींवरून चाकरीतून काढण्यात आले. निव्हेटच मुख्य साक्षीदार झाला. त्याच्या जोडीला ड्यूकचा चॅन्सलर रॉबर्ट गिल्बर्ट आणि पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू जॉन डेलाकोर्ट हेही उभे राहिले. ज्याच्या कानी माणूस आपले अंतरंग उघडे करतो, तोच साक्षीला आला.

चौथा माणूस निकोलस हॉपकिन्स हा सॉमरसेटमधील हिंटन येथील कार्थुसियन मठातील साधू होता. १५१२ पासून तो ड्यूकला भाकिते सांगत होता. राजाला मुलगा होणार नाही आणि सर्व काही ड्यूकला मिळेल, हे त्यांतील मुख्य भाकीत. १५१३ मध्ये त्याने असेही सांगितले होते की स्कॉटलंडचा राजा इंग्लंडात आला तर परत जाणार नाही. आणि त्याच वर्षी चौथा जेम्स फ्लॉडनच्या रणांगणावर मारला गेला. एक भाकीत असे डोळ्यांदेखत खरे ठरल्यावर दुसऱ्यावर विश्वास बसला असेल, तर त्यात नवल नाही.

निव्हेटच्या साक्षीतील सर्वांत घातक वाक्य ४ नोव्हेंबर १५१९ चे होते. बल्मर प्रकरणात मला टॉवर या लंडनच्या किल्ल्यात कैदेत टाकले असते, तर माझ्या वडिलांनी सॅल्सबरीला तिसऱ्या रिचर्डचे जे करायचे योजले होते ते मी केले असते, असे ड्यूक बोलल्याचे त्याने सांगितले. वडिलांचा बेत असा होता की भेटीला गेल्यावर राजासमोर गुडघे टेकायचे आणि लपवलेला सुरा त्याच्या अंगात खुपसायचा.

त्याला अटक कशी झाली?

८ एप्रिल १५२१ रोजी ग्लॉस्टरशायरमधील थॉर्नबरी येथे आपल्या वाड्यात असताना त्याला राजाचे बोलावणे आले. तो निःशंकपणे निघाला. वाटेत काही शस्त्रधारी माणसे अंतर राखून मागे येत आहेत, हे त्याच्या उशिरा लक्षात आले. विंडसरला त्याच मुक्कामावर राजाचा एक सेवक उतरलेला पाहून त्याला संशय आला, आणि इतिवृत्तकार एडवर्ड हॉल सांगतो की न्याहारीच्या वेळी त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला व घास गिळवेना. वेस्टमिन्स्टरला पोहोचल्यावर तो वुल्झीच्या वाड्यावर थांबला. कार्डिनलची प्रकृती बरी नाही, असे सांगण्यात आले. निदान त्यांची वाइन तरी घेऊन जातो, असे तो म्हणाला. त्याला तळघरात नेण्यात आले. तिथे कोणी आपुलकीने विचारपूस केली नाही. तो पुन्हा नावेत बसला आणि ग्रिनिचच्या दिशेने निघाला. थेम्सच्या पात्रातच सर हेन्री मार्नी राजाच्या शंभर शिपायांनिशी आला, नावेवर चढला आणि राजाच्या नावाने त्याला अटक केली. १६ एप्रिलला भर रस्त्याने त्याला टॉवरमध्ये नेण्यात आले.

खटला न्याय्य होता का?

त्या काळच्या रीतीप्रमाणे चालला, एवढेच म्हणता येईल. १३ मे रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये नॉर्फकच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली १७ उमराव न्यायासनावर बसले. आरोपीला वकील देण्याची पद्धत नव्हती, आरोपपत्र आधी दाखवले जात नसे, आणि साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची खरी संधी नव्हती. हेन्रीने साक्षीदारांची चौकशी आधीच जातीने केली होती आणि त्याचे मत सर्वांना ठाऊक होते.

कायद्याचा मुद्दा मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. १३५२ च्या कायद्यानुसार राजाच्या मृत्यूची इच्छा किंवा कल्पना करणे हा राजद्रोह होता. ड्यूकने म्हटले की आपण कोणतीही कृती केलेली नाही. त्यावर सरन्यायाधीश फायनो यांनी असा अभिप्राय दिला की इतर गुन्ह्यांना कृती लागते, परंतु राजद्रोहाला राजाच्या मृत्यूचा विचारच पुरेसा आहे, आणि तो विचार शब्दांवरून सिद्ध होतो. एकदा हे मान्य केले की घरात, रागाच्या भरात, स्वतःच्या माणसांपुढे काढलेले उद्गारही फासाचा दोर होतात.

नॉर्फकने शिक्षा सुनावली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते, असे हॉलने लिहिले आहे. त्याचा मुलगा ड्यूकचा जावई होता. म्हणजे एका व्याह्याने दुसऱ्या व्याह्याला मृत्युदंड दिला. ड्यूकने उत्तर दिले की आपण राजद्रोही कधीच नव्हतो, आपल्या मृत्यूबद्दल आपण सर्वांना क्षमा करतो, आणि राजाकडे जिवाची भीक मागणार नाही. कुऱ्हाडीची धार त्याच्याकडे वळवून त्याला नावेपर्यंत नेण्यात आले. सर टॉमस लव्हेलने त्याला अंथरलेल्या गालिच्यावर, उशांवर बसण्याची विनंती केली. त्याने ती नाकारली. वेस्टमिन्स्टरला गेलो तेव्हा मी बकिंगहॅमचा ड्यूक होतो, आता मी केवळ एडवर्ड बोहन, जगातील सर्वांत हतभागी माणूस आहे, असे तो म्हणाला. बोहन हे त्याच्या पूर्वजांचे घराणे, ज्यांच्याकडून तो कॉन्स्टेबलपदाचा हक्क सांगत आला होता. किताब गळून पडला त्या क्षणीही तो आपल्या वंशाचेच नाव घेत होता.

त्याचा काटा वुल्झीने काढला, हे खरे का?

समकालीन लेखक पॉलिडोर व्हर्जिलने सगळा दोष वुल्झीवर टाकला आहे. राजासाठी ड्यूकने हातात धरलेल्या भांड्यात वुल्झीने हात बुडवले आणि ड्यूकने ते पाणी त्याच्या पायांवर ओतले, अशी गोष्टही सांगितली जाते. गोष्ट रंगतदार आहे, परंतु व्हर्जिलचे वुल्झीशी वैर होते हे विसरता येत नाही. मला या प्रकरणामागे हेन्रीचा हात अधिक ठळक दिसतो. पाळतीचे पत्र त्याचे, साक्षीदारांची चौकशी त्याची, वारस नसण्याची चिंताही त्याचीच. उलट माझ्याविषयी काहीही बोला, पण राजाविषयी जपून बोला, असा इशारा वुल्झीने ड्यूकला आधीच दिला होता, असे उल्लेख आहेत.

मग तो दोषी होता की निर्दोष?

त्याने शस्त्र उचलले नाही, सैन्य जमवले नाही, परकीय राजाशी संधान बांधल्याचा पुरावाही पुढे आला नाही. दुसरीकडे, राजाच्या मृत्यूनंतर काय होईल याची भाकिते त्याने अनेक वर्षे ऐकली आणि ती सांगणाऱ्याला देणग्या दिल्या, हे बहुधा खरे आहे. त्या काळात एवढे करणे अत्यंत अविचाराचे होते. तरीही अविचारी बोलणे आणि बंड यांत अंतर आहे, आणि ते १५२१ मध्ये जाणूनबुजून पुसले गेले, असे मी म्हणेन. मात्र त्याच्याविषयी सहानुभूती बाळगताना त्याच्या रयतेलाही विसरू नये. वेल्समधील कुळांना आणि थॉर्नबरीतील शेतकऱ्यांना तो गेल्याचे दुःख झाले असेल, असे मानण्यास आधार नाही.

त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाचे आणि मालमत्तेचे काय झाले?

हाल-हाल करून मारण्याची मूळ शिक्षा राजाने शिरच्छेदावर आणली. १७ मेच्या वधानंतर ऑगस्टिनियन साधूंनी देह उचलून लंडनमधील आपल्या मठाच्या चर्चमध्ये पुरला. १५२३ साली संसदेने कायदा करून त्याचे किताब व जमिनी कायमच्या खालसा केल्या. जावई बर्गवेनी याला माहिती दडवल्याबद्दल कैद आणि जबर दंड भोगावा लागला. मुलगा हेन्री याला काही जमिनी परत मिळाल्या आणि १५४७ साली लॉर्ड स्टॅफर्ड हा किताब मिळाला. ड्यूकपद कधीच नाही. नातू टॉमस स्टॅफर्ड याने १५५७ मध्ये मेरी राणीविरुद्ध स्कारबरोचा किल्ला घेतला, काही दिवसांत तो पकडला गेला आणि त्यालाही देहदंड झाला. कॉन्स्टेबलचे पद तेव्हापासून फक्त राज्याभिषेकाच्या दिवसापुरते भरले जाते.

आज त्याची कोणती खूण पाहता येते?

ग्लॉस्टरशायरमधील थॉर्नबरीचा किल्ला. १५१० साली तटबंदीचा परवाना मिळाल्यावर त्याने हा भव्य वाडा उभारायला घेतला. आतल्या बाजूला मोठ्या, नक्षीदार खिडक्यांची निवासी दालने आणि बाहेरच्या बाजूला तोफ-बंदुकांसाठी भोके ठेवलेल्या भिंती, असे त्याचे दुहेरी रूप आहे. भोवतीच्या शिकारवनासाठी त्याने शेतजमिनी कुंपणात घेतल्या, आणि त्यासाठी गावकरी त्याला शिव्याशाप देत असल्याची नोंद पुढे जॉन लेलंड या प्रवाशाने केली. ड्यूकच्या मृत्यूनंतर वाडा राजाकडे गेला; १५३५ च्या ऑगस्टमध्ये आठवा हेन्री आणि ॲन बोलिन तिथे मुक्कामाला होते. आता तिथे हॉटेल आहे.

प्रवेशद्वारावर दगडात कोरलेला लेख अजून वाचता येतो. हे द्वार १५११ साली, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, मी बकिंगहॅमचा ड्यूक, हेरफर्ड, स्टॅफर्ड आणि नॉर्थॅम्प्टनचा अर्ल एडवर्ड याने सुरू केले, असे त्यात म्हटले आहे. शेजारी 'यापुढे' अशा अर्थाचे त्याचे फ्रेंच ब्रीदवाक्य आहे. दर्शनी बाजूचा दक्षिणेकडील बुरूज तेवढा पूर्ण उंचीचा झाला; बाकीचे, गवंडी जिथे थांबले तिथेच थांबलेले आहेत.